चंपाची देवळे आणि माझी हरकत

मुलाची बदली व्हिएतनामला झाली तेव्हा मी त्याला तीन पानी लेखी हरकत दिली. एकाच घरात राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला, असे सून म्हणाली. परंतु तोंडी बोलणे लोक नाकबूल करतात, हे मी न्यायालयात उभे आयुष्य पाहिले आहे. हरकतीचा मुद्दा एकच होता: नातवंडे तिकडे गेली की आपले दैवत आणि संक्रांतीची सिद्धेश्वराची यात्रा विसरतील. अखेरीस, त्या देशात मी कधीही पाऊल ठेवणार नाही, असेही सहीनिशी लिहून दिले.

मुलाने कागदाची घडी घातली. "अप्पा, हे राहू द्या. मुलांना त्या देशाची ओळख तेवढी करून द्या. तुमच्याइतकं वाचणारं घरात दुसरं कोण आहे?"

मी ते काम संतापाने स्वीकारले. पुरावा ऐकून मुलेच नको म्हणतील, असा माझा अंदाज होता. म्हणून संध्याकाळी गच्चीवर मुलांना जमवून आरंभ वादळांपासून केला. मग पूर, परकीय आक्रमणे, बॉम्बने उद्ध्वस्त झालेली गावे.

"मग ती माणसं हरली का, अज्जा?" नातीने विचारले.

खोटी साक्ष मला देता येत नाही. "नाही," मी म्हणालो. धाकटा नातू गच्चीवर उड्या मारू लागला.

पुढे समुद्रातून वर आलेले चुनखडीचे डोंगर, पाण्यावर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्या, हे सारे मी कोणी न सांगता वाचून दाखवू लागलो. एके संध्याकाळी चंपा या तिथल्या प्राचीन राज्यापाशी आलो. तिथल्या राजांनी डोंगरांच्या कुशीत लाल विटांची शिवालये बांधली होती, हे ऐकताच नात बापाकडे धावली.

"पप्पा, तिथं आपला महादेव आधीपासूनच आहे की! मग अज्जा भांडतायत कशावरून?"

माझा साक्षीदार माझ्यादेखत फितूर झाला. मुले आनंदाने गेली.

तिथल्या शाळेला सुट्टी त्यांच्या नववर्षाला असते, संक्रांतीला नाही. मी मुख्याध्यापिकेला सुट्टीसाठी सडेतोड पत्र धाडले. त्यांनी आमच्या यात्रेला मनःपूर्वक शुभेच्छा कळवल्या. नम्रतेविरुद्ध अपील कुठे करायचे?

परवा नातीचा व्हिडिओ कॉल आला. "अज्जा, ती देवळं बघितली! विटांवर गवत उगवलंय. तुम्ही या की. तुम्हीच तर सगळं सांगितलं, आणि तुम्हीच बघितलं नाही."

मागून मुलगा हसला. "अज्जांनी लेखी दिलंय, बाळा. खाली सही आहे."

यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी नातवाला शिवलेली पांढरी बाराबंदी यंदाही कपाटातच राहिली. आता ती त्याला आखूड होईल. हरकत मागे घेणारे पत्र मी लिहायला घेतले आहे. मुले गेल्यावर मला घर खायला उठेल, हे त्या तीन पानांत कुठेही नव्हते. ते आता पहिल्याच ओळीत लिहायला हवे, आणि तिथेच माझी लेखणी अडली आहे.