देवीच्या विश्रांतीचा स्कॅन

गप्पांत लोकांना गुंगवण्यात माझा हात धरणारा धार-देवासमध्ये सापडणार नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. माझ्या भागीदाराने मात्र ते बरोबर हेरलं होतं. जुन्या इमारतींचं लेझर स्कॅनिंग करून कॉम्प्युटरवर त्यांचं हुबेहूब मॉडेल उभं करायचं, हा आमचा धंदा. मशीन तो सांभाळायचा, माणसं मी.

अमझेऱ्याजवळच्या एका देवळाचं काम आलं. पूजा पिढ्यान्पिढ्या एका मराठी घराकडे. आता सत्तरीच्या काकू सगळं बघतात. त्यांची अट एकच. दुपारी देवीचं लुगडं-दागिने उतरवून पडदा ओढतात, ती विश्रांती घेते. तेव्हा आत कुणी बघायचं नाही. घरच्या सुनांनीसुद्धा.

"तुमच्या मशीनला डोळा असतो ना रे?"

"पडद्यापलीकडचं त्याला दिसत नाही, काकू. माझा शब्द!"

दुपारी भागीदार म्हणाला, "भिया, काकूंना बाहेर ओट्यावर घेऊन बस. घड़ी-घड़ी मध्ये येतात, स्कॅनमध्ये भुतं उमटतात." खोटं नव्हतं ते. मशीन फिरताना कुणी हललं, की मॉडेलमध्ये धूसर सावली राहते. मी काकूंना ओट्यावर नेलं आणि माझ्या लग्नातली फजिती साभिनय सादर केली. काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

मॉडेल दाखवायचा कार्यक्रम देवासला झाला. काकूंना मीच गाडीतून आणलं, थाटात पुढच्या रांगेत बसवलं. भिंतीवर कळस आला, खांब आले, टाळ्या पडल्या. मग चित्र सरकत सरकत गाभाऱ्यात शिरलं. समोर देवी. अंगावर काही नाही.

काकू उठल्या. प्रोजेक्टरसमोर जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला. भिंत काळी झाली. देवी त्यांच्या पदरावर आली.

मी वायर उपटली आणि भागीदाराकडे वळलो.

"अरे भिया, गाभाऱ्याशिवाय मॉडेल कसलं? पाच मिनिटं पडदा सरकवला, बस! आणि तू काय बांधून ठेवलंस काकूंना, वा!"

शाबासकी देत होता मला.

परतताना धार आल्यावर काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

"देवीशपथ, नाही."

"मग मला हसवत कशाला बसला होतास?"

"तुम्ही हसावं म्हणून."

हे अगदी खरं होतं, आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटलं. काकूंनी तोंड खिडकीकडे फिरवलं.