डोंग्याला पाणी पाजताना

डोळ्यांचा डॉक्टर बोलायला मोठा गोड होता. आईला म्हणाला, "अम्मा, जितना दिखता है, उतना संभालना है अब." म्हणजे यापुढे नजर सुधारणार नाही, कमीच होत जाणार. साखरेनं तिच्या डोळ्यांचे पडदे आतून खाल्ले होते. मला वाटलं ती घाबरेल. पण ती माझा दंड धरून दवाखान्याच्या पायऱ्या उतरली, स्कूटरवर मागे बसली आणि सदर बाजारच्या गर्दीत माझ्या कानाशी म्हणाली, "दिसते तोवर एकदा मले ती जागा पाहू दे. तुझ्या बापाले सांग."

कुठली जागा हे मी विचारलं नाही. आमच्या घरामागच्या तळ्याच्या मधोमध जिथं माझा धाकटा भाऊ बुडाला, ती. तो गेल्यापासून आईनं त्या तळ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. माझ्या माहेरचं घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, पण तिची आंघोळ घरी, धुणं घरी, आणि देवळात जायचं तर मागच्या गल्लीनं लांबचा फेरा मारून. काठावर उभं राहून ती जागा दिसतही नाही, कारण मध्ये सगळं कमळाचं रान माजलेलं. तिथं जायचं तर डोंगा, म्हणजे लाकडी होडीच हवी, आणि आमचा डोंगा अंगणात कडुनिंबाखाली पालथा पडला होता.

आम्ही मूळचे वैनगंगेकाठचे, मासे धरणारी माणसं. आजोबा पोटामागे रायपूरला आले आणि इथल्या तळ्यांवर त्यांनी आपला संसार उभा केला. डोंगा त्यांनी स्वतःच्या हातानं सरईच्या, म्हणजे सालवृक्षाच्या, फळ्यांचा बनवला होता. घरच्या बाईनं त्यात पाय ठेवायचा नाही, हा नियमही त्यांचाच. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. पुढे बाबा त्याच डोंग्यावर म्हातारे झाले.

पाऱ्यातले, म्हणजे वस्तीतले, लोक बाबांना मासळीसाठी ओळखायचे, पोलीस ठाण्यातले लोक दुसऱ्या कामासाठी. शहरात कुठल्याही तळ्यात कोणी बुडालं की शिपाई आमच्या दारात यायचा, आणि बाबा जेवत असले तरी ताटावरून उठायचे. आई म्हणायची, "दोन घास खाऊन तर जा. तो आता कुठं पळून चालला?"

"त्याची माय काठावर बसून राहिली असेल," बाबा म्हणायचे आणि हात धुवायचे.

माझा भाऊ पट्टीचा पोहणारा. त्याचं जाळं कमळाच्या देठांत अडकलं, ते सोडवायला त्यानं बुडी मारली आणि त्याचाच पाय अडकला. त्या दिवशी ठाण्यातून कोणाला यावं लागलं नाही. बाबांनी त्याला खालून काढला आणि आमच्याच डोंग्यातून काठावर आणला. मी काठावर होते. आईला मात्र बायकांनी घरात धरून ठेवलं होतं. पोरगा मिळाला कुठं, कसा, हे तिनं फक्त ऐकलं. मला राग आहे त्या बायकांचा, अजूनही आहे. चांगल्या मनानं केलं म्हणून काय झालं.

त्यानंतर आमच्या घरी ढेंस शिजली नाही. ढेंस म्हणजे कमळाच्या मुळाची भाजी, रायपूरच्या बाजारात ढिगानं मिळते. भाजीवाली टोपलीतली उचलून दाखवायची आणि आई पुढे निघून जायची.

बाबांनी डोंगा पालथा घातला आणि मासेमारी सोडली. तळं मात्र सोडलं नाही. रोज पहाटे आंघोळीला जायचे, ते ऊन डोक्यावर आलं की परतायचे. जाताना कमरेला विळा, येताना शेळीसाठी पाला. पुढे शेळी विकली, तरी विळा कमरेला जातच राहिला. म्हाताऱ्याची सवय, असं आम्ही म्हणत होतो. चहा थंड झाला की आई करवादायची, "एवढं काय घासून राहिले पाण्यात? कोळशाचे आहेत काय?" बाबा थंड चहा पिऊन टाकायचे.

तर आईचा निरोप मी बाबांना सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर ते डोंग्याच्या पाठीवर बोटांनी ठकठक करून कुठं पोकळ वाजतं ते पाहत होते. मी हसले. म्हटलं, "कलिंगड घ्यायचं आहे का?" तेही थोडे हसले.

शेजाऱ्यांना हाताशी घेऊन डोंगा सुलटा केला. बाबांनी आत बसून पाहिलं तर फटीफटींतून अंगण दिसत होतं. रायपूरच्या उन्हाळ्यात माणसाचं लाकूड होतं, लाकडाचं काय होत असेल. दोन फळ्या तर वाळवीनं पोखरून नुसता भुसा केला होता. माझं सासर रायपूरच्याच टोकाला, भनपुरीला, तिथं ट्रकची बॉडी बांधणारे रांगेनं बसलेले. त्यांच्याकडून सरईच्या फळ्या चिरून आणल्या. बाबांनी त्यांचा वास घेतला, कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "डोंगा बनवून राहिलो का ट्रक?"

"हव," मी म्हटलं, "मागे हॉर्न प्लीज लिहिते."

ते दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू. मी भनपुरीहून आले की बाबा रंध्याखाली फळी धरून वाट पाहत असायचे. जुनं डांबर खरवडायचं, गंजलेले खिळे उपटायचे, नवे ठोकायचे. आई ओट्यावर बसून तिची जुनी लुगडी फाडून चिंध्या करून द्यायची, कारण फटींत भरायला डांबरात भिजवलेल्या चिंध्या लागतात. भावाच्या कपड्यांची पेटी आत होती. तिला कोणी हात लावला नाही आणि लावायचा विषयही निघाला नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कोरडा डोंगा दुरुस्त करताना फट गच्च भरायची नसते. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, त्याला फुगायला जागा ठेवायची. चिंध्या हलक्या हातानं भरायच्या, मग डोंग्यात दगड घालून तो काठाशी बुडवून ठेवायचा. काही दिवस तो पाण्याखाली राहिला की फळ्या एकमेकींना भिडतात आणि फटी आपोआप मिटतात. मग दगड काढायचे, पाणी उपसायचं, डोंगा वर. याला आमच्याकडे पाणी पाजणं म्हणतात. हे मला बाबांनीच शिकवलं होतं, मी फ्रॉक घालत होते तेव्हा.

दुरुस्ती संपली. आई रोज विचारू लागली. तिला आता ताटातली भाजी बोटांनी ओळखावी लागत होती. मी बाबांना म्हणायची, पाणी पाजायला कधी घालायचा? एकदा डांबर ओलं होतं. एकदा वारा वाईट होता. एकदा त्यांची कंबर दुखत होती. मग एका दुपारी पाहते तर बाबा पुन्हा चिंध्या घेऊन बसलेले आणि फटींत छिन्नीनं ठोकून ठोकून भरून राहिलेले, मुंगी शिरणार नाही अशा गच्च. मला खटकलं. पण माशाला कोणी पोहायला शिकवतं का? मी गप्प बसले.

डोंगा न बुडवताच त्यांनी तळ्यात सोडला. तरंगला. आत थेंबही आला नाही. बाबांनी तो काठाच्या झाडाला बांधला आणि घरी येऊन आईला म्हणाले, "उद्या जाऊ." आईनं रात्रीच धुतलेलं पातळ उशाशी काढून ठेवलं.

सकाळी डोंगा एका कुशीवर कलंडून अर्धा भरलेला होता. रात्रभरात लाकूड फुगलं, फुगायला जागा नाही, म्हणून नवी फळी खिळ्यांसकट उखडून बाहेर आली होती. माझा तोल गेला. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांसमोर मी बापाला बोलले. म्हटलं, उभा जन्म पाण्यावर काढला आणि एवढं समजलं नाही? तिचे डोळे चालले आहेत, ते तुमच्या डांबरासाठी थांबणार आहेत का?

बाबा फळीकडे पाहत होते. म्हणाले, "मले नाही माहीत काय, पाणी पाजा लागते म्हणून?"

"मग काहून नाही पाजलं?"

"त्याले पाण्याखाली जातानी नाही पाहवत मले." मग म्हणाले, "एक खेप काढलं न मी खालून. आता आपल्या हातानं खाली नाही टाकत."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. बापाला असं बोललेलं परत घेता येत नाही, पण मी फळीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही डोंगा बाहेर ओढला. बाबांनी फटींतल्या गच्च चिंध्या उपसल्या, पुन्हा हलक्या हातानं भरल्या, फळी बसवली. त्यापुढे मात्र त्यांचा हात चालेना.

घरी मी आईला सगळं सांगितलं. राहू दे म्हणेल, असं वाटलं होतं. ती तूर निवडत होती, बोटांनीच. तिनं फक्त विचारलं, "फळी बसवली काय परत?" मी हो म्हटलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, पायांनी चपला शोधल्या आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. "चल," म्हणाली.

इतक्या वर्षांनी आई तळ्याच्या पायऱ्या उतरत होती. धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. बाबा उभे राहिले, पण पुढे आले नाहीत. डोंगा आम्ही कंबरभर पाण्यात लोटला. आई म्हणाली, "दगड दे." मी एकेक दगड देत गेले आणि ती चाचपून चाचपून तो डोंग्यात ठेवत गेली, पेटीत कपडे ठेवावेत तसा, आवाज न करता. कडेवरून हात पुरेनात तेव्हा ती सरळ आत चढली. आजोबांचा नियम कोणाला आठवला असेल तर त्यानं तोंड उघडलं नाही. बाबा देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.

पाणी कडेवरून आत आलं आणि डोंगा खाली बसला. आई चिंब झाली होती. पायरीवर येऊन बाबांना म्हणाली, "झालं. वळा आता इकडे."

ते वळले नाहीत.

"हा वर येणार आहे," आई म्हणाली. "याच्यासाठी काहून रडता?"

पुढचे सगळे दिवस बाबा काठावर बसून होते. डबा मी तिथंच नेऊन द्यायची. येणारेजाणारे विचारायचे, काय बाबाजी, किसकी राह देख रहे हो, आणि बाबा मान हलवायचे. मीही एकदा थट्टा केली, की तुमचा डोंगा चोरायला चोरालाही बुडी मारावी लागेल. ते हसले नाहीत. मग मीही त्यांच्याजवळ बसून राहिले.

डोंगा त्यांनी एकट्यानं वर काढला. मला पाण्यात येऊ दिलं नाही. खाली वाकून एकेक दगड बाहेर टाकला, मग दोन्ही हात तळाखाली घालून तो हळू वर आणला. असे हात घातलेले मी एकदा पाहिले होते. पाणी उपसून झाल्यावर त्यांनी फटींवरून तळवा फिरवला. सगळ्या मिटल्या होत्या. तेव्हा बाबा रडले, कंबरभर पाण्यात उभे राहून, मोठ्यानं. भाऊ गेला तेव्हा ते रडले नव्हते. तेव्हा त्यांना काम होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. आईला मध्ये बसवलं, मी पुढे, बाबा मागे बांबू घेऊन. आईला एव्हाना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तिनं तसं म्हटलं नाही, पण डोंग्यात बसताना तिनं माझा चेहरा चाचपला, तेव्हा मला समजलं. आम्ही वेळ घालवला होता. बाबांनाही ते कळलं असावं, कारण ते बांबू फार हळू मारत होते.

कमळाचं रान सुरू झालं. पानं डोंग्याला घासत होती, मी हातांनी बाजूला सारत होते. आई विचारायची, "आता काय आहे?" मी म्हणायची, पानंच. "आता?" पानंच. ती जागा मला माहीत होती. सगळ्यात दाट रान तिथंच होतं, म्हणून तर जाळं अडकलं होतं.

आणि पानं संपली. समोर अंगणाएवढं मोकळं पाणी होतं, त्यात एक पान नाही, एक देठ नाही, चहूकडे मात्र रान तसंच. कडेचे देठ पाण्याखाली कापलेले दिसत होते, काही जुने काळपट, काही कालपरवाचे. मी वळून बाबांकडे पाहिलं. विळा त्यांच्या कमरेला होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"हेच," बाबा म्हणाले.

आईनं पाण्यात हात घातला. कोपरापर्यंत घातला आणि सगळीकडे फिरवला. "इथं तर काही नाही," ती म्हणाली. "देठात पाय अडकला म्हणत होते न सगळे?"

"तेव्हा होते. आता येऊ नाही देत मी. पोहत येऊन कापतो."

आईनं पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "रोज?"

"हव. रोज."

"आणि मी चहासाठी भांडत होती," आई म्हणाली. तिचा हात पाण्यातच होता. मला वाटलं ती आता रडेल, आणि मी तिला धरायला सरकले. पण ती डोंग्याच्या कडेवर आणखी वाकली, खांद्यापर्यंत ओली झाली, आणि तिची बोटं खाली कशावर तरी थांबली.

"इकडे या," ती बाबांना म्हणाली. "एक राहिला आहे. मी धरून ठेवते, तुम्ही कापा."