दादाचं वजन बहात्तर

दवाखान्यात मला सगळे चिठ्ठीबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान अजून शाबूत आहेत. एकवीस वर्षं मी आमच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर टेबल टाकून बसले आहे. नंबर देते, वजन करते, कागद काढते आणि वर लोकांची गाऱ्हाणी ऐकते, ती फुकट.

चिठ्ठीचं असं आहे. पन्नाशी उलटली की दर दोन वर्षांनी माणसाच्या घरी एक पाकीट येतं. आत बोटाएवढी बाटली, एक काडी आणि पत्र. शौचाचा नमुना त्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवायचा. आतड्यात कॅन्सर दडून बसला असेल, तर त्रास सुरू व्हायच्या आधीच पुष्कळदा माग लागतो. पत्राखाली आमच्या डॉक्टरांची सही असते, पण छापील. आणि छापील सहीला कोण भीक घालतंय! लोक पाकीट फ्रिजवर ठेवतात, त्यावर चष्मा ठेवतात, मग फक्त चष्मा शोधतात. म्हणून ज्यांची बाटली आली नाही त्यांची यादी आम्हाला दर महिन्याला येते आणि मी त्यांच्या कागदावर लाल चिठ्ठी चिकटवते. चिठ्ठी दिसली की डॉक्टर बीपी बघता बघता म्हणतात, "तुमची ती बाटली राहिलीय. या आठवड्यात द्या, आणि दिली की मला येऊन सांगा." बस्स, एवढंच. बायकोनं सांगून, मुलांनी सांगून जे ढिम्म हलले नव्हते, ते चार दिवसांत बाटली देऊन मोकळे होतात. एक निवृत्त मास्तर तर तीन पिशव्यांत गुंडाळलेली बाटली थेट माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी डबा खात होते!

हे सगळं इतकं सविस्तर सांगतेय, कारण मला ते पक्कं ठाऊक होतं. न कळून चुकले असते तर रडून मोकळी झाले असते.

माझा मोठा भाऊ, दादा, वजनकाटे दुरुस्त करायचा. दवाखान्याच्या खालीच, जिन्याला लागून त्याचं दुकान. भिंतीवर काट्यांच्या तबकड्या, कोपऱ्यात मोठा काटा आणि लाकडी पेटीत ओळीनं मांडलेली पितळी वजनं. त्या वजनांना तो उघड्या हाताने शिवायचा नाही, फडक्याने धरायचा. "हाताचा घाम लागला तरी वजन बदलतं, छोटे," म्हणायचा. मी अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी छोटीच. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक काट्याला तो दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधायचा. त्यावर काम कशासाठी अडलंय ते लिहिलेलं: 'स्प्रिंग आली की', 'मालक हो म्हणाले की'. आम्ही दोघं भावंडं चिठ्ठ्यांवरच जगलो म्हणायचं.

दवाखान्याचा काटाही वर्षातून एकदा तोच तपासायचा. पण त्यासाठी ती जड वजनं दोन जिने चढवून आणायचा त्याला कंटाळा. वर यायचा, चपला काढायचा आणि स्वतःच काट्यावर उभा राहायचा. वीस वर्षं सुई बहात्तरवर. "बघ, माझ्यासारखं प्रमाण वजन शोधून सापडायचं नाही," म्हणून छाती फुगवायचा. मी म्हणायची, "हो, आणि पितळेसारखंच डोकंही." मग आत जाऊन डॉक्टरांबरोबर चहा घ्यायचा, बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायचा आणि खाली जायचा.

डॉक्टर म्हणजे त्याला ब्रह्मवाक्य. मीठ कमी करा म्हणाले, त्या दिवसापासून वहिनीची भाजी अळणी. विडी सोडा म्हणाले, जिन्यातच विझवली ती विझवली.

तर दोन वर्षांमागे यादी आली आणि तिच्यात दादाचं नाव. संध्याकाळी दुकानात जाऊन विचारलं, "दादा, ती बाटली दिलीस का रे?"

तो मान खाली घालून एक स्क्रू घासत बसला. "दिली गं बाई. तुमच्या यादीतच घोळ असेल."

यादीत घोळ नसतो. एकवीस वर्षांत एकदाही नव्हता. दादा खोटं बोलतोय हे मला तेव्हाच कळलं. लहानपणी माझी पाटी फोडली तेव्हाही असाच मान खाली घालून बोलला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा कागद काढला, लाल चिठ्ठी हातात घेतली आणि परत ठेवून दिली. मनात आलं, चिठ्ठीबाईच्या सख्ख्या भावाच्या कागदावर चिठ्ठी! डॉक्टर काय म्हणतील, दिव्याखाली अंधार? शिवाय दोघं चहा पिणारी माणसं, त्यांच्यात हा शौचाचा विषय मी कशाला काढायला लावू? लाज माझी, आणि नाव मी दादाच्या लाजेचं दिलं.

त्याच आठवड्यात तो काटा तपासायला वर आला. उभा राहिला आणि कपाळाला आठ्या पडल्या. सुई अडुसष्टवर.

"सरकला गं तुझा काटा," म्हणाला. खाली वाकून मागचं झाकण काढलं, आतल्या स्प्रिंगचा स्क्रू पिळला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा पिळला. बहात्तर. रिकामा काटा शून्यावर, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नाही. मी कागदावर लिहिलं, वजन बहात्तर. डॉक्टरांनी तो आकडा बघितला. चिठ्ठी नाही हेही बघितलं. "मजेत आहात," म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

पुढच्या महिन्यात दवाखान्यात नुसती बोंबाबोंब. जो तो तीन-चार किलोंनी जाड! समोरच्या शिंपीणबाई माझ्यावर कडाडल्या, "रात्रीचं जेवण सोडलंय मी, आणि तुझा काटा म्हणतो वाढलीस?" मी वर तोंड करून सांगितलं, "काटा दादाने तपासलाय. खाताना चुकत असेल तुमचं." आणि हसले. देवा रे, हसले मी.

सहा-सात महिन्यांनी दादा दवाखान्यात यायला निघाला आणि पहिल्या जिन्यावरच बसला. धाप लागली होती, ओठ पांढरे. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि त्याच तासाला मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे आतड्यातली गाठ सापडली. ती यकृतापर्यंत पोचली होती. तिथले डॉक्टर वहिनीला म्हणाले, सहा-आठ महिने आधी कळायला हवं होतं. मी शेजारीच उभी होते.

इस्पितळात पहिल्याच दिवशी त्याचं वजन केलं. मी उशाशी बसले होते तेव्हा त्याने विचारलं, "छोटे, कितीचा भरलो मी?"

"एकसष्ट."

तो छताकडे बघत बोटं मोजू लागला. हिशेब करत होता, मला दिसत होतं. मग म्हणाला, "म्हणजे तेव्हा तुझा काटा बरोबर होता. चांगला काटा बिघडवून ठेवला गं मी." जरा थांबून हसलाही. "त्या शिंपीणबाईची माफी माग माझ्याकडून. उपाशी मारलं बिचारीला."

मला हसू येईना. मग तोच म्हणाला, "आणि ती बाटली... दिली नव्हती मी."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं?" त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, गरज असती तर डॉक्टर बोलले असते. दोनदा गेलो आत, मुद्दाम रेंगाळलो. ते काहीच बोलले नाहीत. म्हटलं, मला नसेल लागत."

तेव्हा तरी सांगायचं होतं मी, की दादा, ते बोलणार होते, मी बोलू दिलं नाही. ते न सांगता पाण्याचा पेला पुढे केला, त्याने दोन घोट घेतले. चार महिन्यांनी दादा गेला.

तेराव्या-चौदाव्या दिवशी वहिनीकडून दुकानाची किल्ली मागून घेतली. काटा सरळ करायचा होता आणि त्याला आता खरी वजनं लागणार होती. लाकडी पेटी उघडली, फडकं घेतलं, एकेक वजन बाहेर काढलं. तळाशी ते पाकीट होतं. तसंच चिकटवलेलं, कोपराही दुमडलेला नाही. त्याच्या दृष्टीने दुकानातली सगळ्यात जपायची जागा तीच होती. पाकिटाला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, आणि त्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'डॉक्टर म्हणाले की.'

मी तिथेच खाली बसून रडले. पोटभर रडले. मग तोंड धुऊन पाकीट घेऊन वर गेले.

दवाखाना सुरू व्हायला वेळ होता. डॉक्टर हात धूत होते. मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी तो पुठ्ठा वाचला, खुर्चीत बसले, चष्मा काढून पुन्हा वाचला. मग दादाचा कागद मागवला आणि शेवटच्या दोन भेटींवर बोट ठेवून म्हणाले, "बाई, इथे चिठ्ठी नव्हती. मला वाटलं, त्यांनी दिली."

"यादीत नाव होतं, डॉक्टर. मी लावली नाही."

ते काहीच बोलले नाहीत. एकवीस वर्षांत मी त्यांच्या एका वाक्याने किती माणसं हललेली पाहिली, आणि आता मला त्यांनी काहीतरी बोलावं, निदान ओरडावं, असं वाटत होतं. बाहेर पहिला पेशंट येऊन खोकला. डॉक्टरांनी पाकीट खणात ठेवलं आणि म्हणाले, "पाठवा त्यांना आत."

मी बाहेर आले. त्या माणसाला म्हटलं, "चपला काढा, काट्यावर उभे राहा." आणि मग म्हटलं, "नको, थांबा. तो काटा चुकीचा आहे."