गिरणीच्या पट्ट्याचं टेक्नो

लग्न होऊन धाराशिवकडच्या वाशीला आले तेव्हा सासरचा धंदा मंडप आणि साउंडचा आहे एवढंच मला माहीत होतं. त्या धंद्यात मलाही बसवतील, असं ध्यानीमनी नव्हतं. माहेर बेंबळीचं. तिथून रोज एसटीनं धाराशिवला जाऊन मी कॉम्प्युटरची पदवी घेतली होती. बघायला आले तेव्हा थोरल्या दिरांनी एकच प्रश्न विचारला होता, "कॉम्प्युटर येतो म्हणजे नेमकं काय काय येतं?" मला वाटलं, शिकलेली सून हवी म्हणून विचारतायत.

लग्नाला चार महिने झाले असतील. वरातीत वाजवायचे मिक्स बार्शीचा एक माणूस करून द्यायचा. चालू गाणं घ्यायचं, त्याखाली जोरकस ठोका भरायचा, मधे मधे आमच्या साउंडचं नाव घुमवायचं. तो माणूस पुण्याला निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर दीर माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाले, "घरात कॉम्प्युटरवाली असताना बाहेर कशाला हिंडायचं?"

"जमंल का गं?" नवऱ्यानं विचारलं.

"मला गाण्यातलं काही कळत नाही," मी म्हणाले.

"गाण्यातलं कळायची गरज न्हाय," दीर म्हणाले. "ठोका कळला की बास."

घरामागं स्पीकर ठेवायची पत्र्याची खोली होती. तिला खिडकी नव्हती. समोर शटर, तीन बाजूंनी माणसाच्या उंचीची काळी खोकी आणि मागची भिंत शेजारच्या पिठाच्या गिरणीला लागून. तिथं एक टेबल टाकून कॉम्प्युटर मांडला. अंगणात कामावरची माणसं ये-जा करायची, म्हणून शटर निम्मं खाली ओढलेलं असायचं. स्वैपाक आवरून अकराला मी वाकून आत शिरायची, ती चारच्या चहाला वाकून बाहेर यायची. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की हेडफोनच्या गादीखाली कान भिजून जायचे. पंखा लावला तर बारकावे ऐकू यायचे नाहीत, म्हणून तोही बंद.

काम मी व्हिडिओ बघून शिकले. पहिले काही मिक्स दिरांनी परत पाठवले. "ठोका छातीत बसंना," एवढाच शेरा. मी ठोका जाड केला, मग अजून जाड केला. लक्षात आलं की गाणं कुठलंही असू दे, हळदीचं, देवीचं नाहीतर सिनेमातलं, त्याच्या खालचा ठोका एकच आहे. धप धप धप धप. चारही सारखे, मधे कुठं श्वास नाही. आमच्याकडं हलगी वाजते ती अशी नाही; हलगीवाला मधेच थांबतो, झुलतो, माणसाकडं बघून वाजवतो. मग हा कुणाकडंही न बघणारा ठोका आला कुठून?

शोधत गेले तर एक शब्द सापडला, टेक्नो. अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यांचं एक शहर आहे, डेट्रॉइट. कारखाने बंद पडत चाललेले, घरं ओस पडत चाललेली. तिथल्या काळ्या तरुणांनी जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी तालाची मशिनं घेतली. मशिनं बनवणाऱ्यांना वाटलं होतं, ढोलकीवाल्याच्या जागी ही चालतील. पण ती माणसासारखी वाजेनात, म्हणून कुणी घेतली नव्हती. त्या पोरांनी त्यांना माणसासारखं वाजवायला लावलंच नाही. मशीनला मशीनसारखं वाजू दिलं. मग तो ठोका जर्मनीत गेला, बर्लिनची भिंत पडल्यावर रिकाम्या झालेल्या कारखान्यांत घुमला. त्यातून ट्रान्स नावाचं संगीत आलं, इंग्लंडात त्याचे तुकडे करून आणखी वेगळी संगीतं झाली, आणि शेवटी स्टेडियममध्ये वाजणारं ते चकचकीत संगीत, जे आपल्या सिनेमानं उचललं. सिनेमातून ते बार्शीच्या माणसाकडं आलं, आणि त्याच्याकडून माझ्या टेबलावर.

हे मला कुणी शिकवलं नाही. फोनमधल्या ॲपनं एका तुकड्यामागं दुसरा लावला आणि मी ऐकत गेले. आठ-आठ मिनिटांचे तुकडे, शब्द नाहीत, नाव घुमत नाही. पहिल्यांदा कंटाळा आला. मग तिसऱ्या मिनिटाला एक बारीक आवाज हळूच आत आला आणि मला एकदम वाटलं, खोली थोडी रुंद झाली.

माझे हेडफोन बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानातून आणलेले. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, एक्स्ट्रा बेस. त्यांत भजन लावलं तर गाणाऱ्याच्या तोंडावर गोधडी टाकल्यासारखं वाटायचं. सगळ्या जगाचे कान त्या ठोक्याला लागलेले, म्हणून हेडफोनसुद्धा तसेच निघाले होते. मीही त्यातलीच एक. आवाज रोज एक रेघ वाढवत होते.

माझे मिक्स तालुक्यात गाजायला लागले. प्रत्येकात दर मिनिटाला दिरांच्या साउंडचं नाव यायचं, एका माणसाच्या खर्जातल्या आवाजात. ते मीच जोडायची. एका लग्नात कुणी विचारलं, मिक्स कुठून आणता? दीर म्हणाले, "आपला माणूस आहे." हे नवऱ्यानं मला कौतुकानं सांगितलं. मी भाकरी थापत होते. हात थांबला नाही, पण भाकरी तव्यावर टाकताना फाटली.

वरातीला मला कधीच जाता आलं नाही. वरात आमच्या रस्त्यावरून गेली तर आम्ही बायका माडीवरून बघायचो. मांडणीतले पेले थरथरायचे, खाली माणसं नाचायची, आणि मी केलेला ठोका माझ्या पायाखालच्या फरशीतून मला कळायचा. सासूबाई शेजारी उभ्या असायच्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. माहेर उमरग्याकडचं, रागावल्या की कन्नडमध्ये बोलतात. अलीकडं त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. हाक मारली तर वळायच्या नाहीत, पण वरात चौकात असतानाच म्हणायच्या, "आली बघ."

पावसाळ्यात लग्नं नसतात, मिक्सचं काम थंडावतं. तरी मी खोलीत जाऊन बसायची. सवय म्हणा, नाहीतर दुसरीकडं कुठं बसणार म्हणा. हेडफोन काढले की भिंतीपलीकडून गिरणी ऐकू यायची. तिच्या चामडी पट्ट्याला एक जोड होता. चाकावरून प्रत्येक फेऱ्याला तो जोड आपटायचा. टप. टप. टप. टप. दळण जड असलं की जरा सावकाश, हलकं असलं की जलद. इतके महिने मी त्याच्यावर हेडफोन चढवून बसले होते.

मी फोन भिंतीला लावून तो आवाज घेतला. त्याच्याखाली ठोका भरला. वर पत्र्यावरच्या पावसाचा आवाज हळूहळू चढवला. गाणं नाही, नाव नाही. दहा-बारा दिवस त्याच्यावर काम केलं. आठ मिनिटांचा तुकडा झाला तो ऐकताना मला रडू आलं, आणि आपण कशाला रडतोय हे कळेना. इंटरनेटवर खोट्या नावानं चढवला. थोड्या लोकांनी ऐकला. कुठल्या तरी देशातल्या कुणी लिहिलं, हे कोणतं मशीन आहे? मी लिहिलं, पिठाची गिरणी. तिकडून परत काही आलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि हंगाम सुरू झाला. दिरांच्या पेन ड्राइव्हवर मिक्स भरताना तो तुकडाही चुकून गेला. माझ्याच हातून. दुपारच्या वरातीत, ऐन चौकात, तो लागला. मी माडीवर होते. पहिला टप ऐकला आणि मी ओळखला. नाचणारी माणसं थांबली. एकानं ओरडून विचारलं, "गाणं कवा चालू व्हनार?" वाजवणाऱ्याला वाटलं, सुरुवात लांब आहे, येईल गाणं. त्यानं तसंच चालू ठेवलं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. काही लोक हसायला लागले, काही पाणी प्यायला गेले. एक म्हातारा फेटेवाला तेवढा डोळे मिटून पाय टाकत राहिला. मग दिरांनी धावत येऊन तो बंद केला.

संध्याकाळी पुढच्या खोलीत सगळे बसले होते.

"कुणी घातलं त्ये?" दिरांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "चुकून गेलं."

"पर हाय काय ते?"

"माझं आहे."

"तुझं म्हंजे?"

मला सांगता येईना. मी टेक्नो म्हणाले असते तर ते हसले असते. नवरा जमिनीकडं बघत म्हणाला, "पावसाळ्यात रिकामी होती, केलं असंल कायतरी."

दीर शेवटी म्हणाले, "वाईट न्हाय तसं. मधे गाणं टाक, आपलं नाव टाक, चालंल."

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या खोलीत माझं म्हणून एवढंच होतं, आणि त्याच्यावरही ते नाव बसणार होतं. मी "बघते" म्हणाले आणि भांडी घासायला गेले. नळ बंद केला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं: डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती. कुकरची असेल म्हणून मी शेगडीकडं पाहिलं. शेगडी बंद होती.

आत्यांच्या कानांसाठी धाराशिवला जायचं ठरलंच होतं. सोबत मी गेले. कान तपासणाऱ्या बाईंकडं काचेची एक बंद पेटी होती, आत एक खुर्ची. आत्यांची तपासणी झाल्यावर मी म्हणाले, "माझीही करता का?"

पेटीचं दार लागलं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आवाज आला की बटण दाबायचं होतं. पण त्या शांततेत माझी शिट्टी इतकी मोठी झाली की बाहेरचा आवाज कुठला आणि आतला कुठला, हे कळेना. दाबलं तर खोटं, नाही दाबलं तरी खोटं. खिडकी नसलेली खोली मी डोक्यात घेऊन आले होते. मी बटण हातातून सोडलं. बाईंनी दार उघडलं.

"काय काम करता?" त्यांनी विचारलं.

"ठोका भरते," मी म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "शिट्टी कदाचित राहील, कदाचित कमी होईल. पण हेडफोन सोडा. टेबलावर लहान स्पीकर ठेवा, हळू ऐका, मधे मधे उठा." आत्यांचा कागद दाखवत म्हणाल्या, "ह्यांचं उलट आहे. बारीक आवाज गेलेत, जाड आवाज शाबूत आहेत. तुमचा ठोका ह्यांना सगळ्यात चांगला ऐकू येत असणार."

एसटीत आत्यांनी विचारलं, काय म्हणाली ती? मी कानाशी जाऊन सगळं सांगितलं. त्या येरमाळा गेल्यावर म्हणाल्या, "तुझं ते बिनगाण्याचं, मला ऐकू आलं होतं त्या दिशी. सगळं."

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "अहो, त्या खोलीला खिडकी पाडा." दिरांनी सांगितलं, गिरणीच्या बाजूला पाडली तर पीठ येऊन मशिनं बिघडतील, दुसऱ्या बाजूला जागा नाही. ते खरंही होतं. मी म्हणाले, "मग कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आणा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, हेडफोन नाही."

"पुढं? येणारा-जाणारा बघंल," दीर म्हणाले.

"बघू द्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी असं बोलले. आत्यांना अर्धंमुर्धं ऐकू आलं असावं. त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "साकु," आणि मग मराठीत, "पुरे झालं. मशीन इथं माझ्या खाटेजवळ ठेवा."

आता मी पुढच्या खोलीत बसते. दार उघडं असतं. येणारे विचारतात, हे सूनबाई करतात व्हय? दीर हो म्हणतात, पण पटकन विषय बदलतात. मिक्सवर नाव अजून त्यांच्या साउंडचंच घुमतं. गिरणीच्या तुकड्यावर मी ते घालू दिलं नाही. त्यावरून आठ दिवस अबोला होता. शिट्टी गेलेली नाही. दुपारी घर शांत झालं की ती येते आणि मला पुन्हा पत्र्याखाली नेऊन बसवते. मग मी स्पीकर हळू लावते. आत्या खाटेवरून हात लांब करून त्याच्यावर पालथा ठेवतात.

हंगाम ऐन भरात आहे. स्वतःचं काही करायला वेळ नाही. परवा हळदीच्या एका मिक्सच्या शेवटी मी गाणं काढून टाकलं आणि अर्धं मिनिट नुसता ठोका ठेवला, नाव न घुमवता. दिरांनी उभ्याउभ्याच तो पूर्ण ऐकला. त्यांचा पाय हलत होता की नाही, ते मी पाहिलं नाही. पेन ड्राइव्ह खिशात टाकून ते बाहेर गेले आणि टेम्पोत माल चढवायला माणसांना हाका मारू लागले.