बँकॉकच्या देवळाची पायरी

परसातला गवती चहा कापला की हाताला बँकॉकचा वास येतो. चोवीस वर्षांपूर्वी मी हवाई सुंदरी होते. कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या तिकिटावर एकदा आईला आसेगावहून आणून, माझी ड्युटी असलेल्या रात्रीच्या विमानानं बँकॉकला सोबत नेलं होतं. "तुह्यी नोकरी डोयानं पाहीन, मंग ठेवाची का सोडाची ते सांगीन," असं तिनं निघतानाच बजावलं होतं.

परतीच्या विमानाला एकोणीस तास होते. कोवळ्या उन्हात, गवती चहाची वाफ भरलेल्या गल्लीतून आम्ही निजलेल्या बुद्धाच्या देवळात गेलो. ती सोनेरी मूर्ती संपतच नव्हती. मी पावलं मोजली, बासष्ट भरली. आई मात्र मूर्तीच्या तळव्यांपाशीच थांबली.

"देवालेही पाय लांब करून पडा लागते," ती हळूच म्हणाली. "तू रातभर उभी होती. मी पाह्यलं."

बाहेर पायरीवर तिनं माझे पाय मांडीवर ओढले आणि दाबू लागली.

"आई, लोक पाहतात!"

"पाहू दे. ते का तुले ओयखते?"

छोट्या घंटा वाऱ्यावर किणकिणत होत्या. माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा ऊन दोन पायऱ्या खाली उतरलं होतं आणि तिचे हात चालूच होते.

"कर नोकरी," ती म्हणाली. "पण जोडा एक नंबर मोठा घे."

तेव्हा मला फक्त 'कर' एवढंच ऐकू आलं. मी रात्रभर उभी होते हे तिनं पाहिलं, म्हणजे तीही झोपली नव्हती, हे मला आज कळतं.