अक्काच्या डोंगरावर ट्रॅक्टरने काढलेली वाट

सकलेशपूरला जायचं तर बंगळूरहून पहाटे निघावं, असं मी अजूनही सगळ्यांना सांगते. आता रस्ता सुरेख झालाय. नव्वदच्या दशकात मात्र मॅजेस्टिक स्टँडवरून सुटलेली लाल सरकारी बस कुणिगल, हासन करत दुपारी पोचवायची, आणि हासनच्या स्टँडवर गरम इडली-वडा खाल्ला नाही तर पुढच्या वळणांवर पोट तक्रार करायचं.

त्या नोव्हेंबरात मी काही फिरायला निघाले नव्हते. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या घरी थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला होता. यजमान गेल्यापासून सकलेशपूरजवळचा कॉफीचा मळा ती एकटीच सांभाळायची. मळ्याचा वरचा भाग एका उभ्या, दाट झाडीच्या उतारापलीकडे होता. तिथली कॉफी डोक्यावरून खाली आणावी लागे. मागल्या हंगामात एक मजूर पोत्यासकट घसरून पाय मोडून बसला, तेव्हापासून वर जायला कुणी तयार नव्हतं. अक्काचे थोरले दीर विश्वण्णा शेजारचा मळा बघायचे. वरचा भाग विकून टाक, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

"मी ट्रॅक्टरने वाट काढतेय," अक्का फोनवर म्हणाली. "तू पुढे उभी राहून चाक कुठे आहे तेवढं बघ. माझ्यासाठी घाबरणारं कुणीतरी हवं, म्हणजे नीट बघेल." मी शाळेतून रजा काढली.

पहिला दिवस आखणीत गेला. मळ्यावरचे जुने कामगार मंजप्पा आणि मी दोर धरून झाडाझाडातून सरकत होतो आणि अक्का चुन्याने खुणा करत होती. उतार इतका, की बुटांची टाच रुतवल्याशिवाय उभं राहता येईना. संध्याकाळी विश्वण्णा आले. कॉफी घेतली, वर बघितलं आणि ट्रॅक्टर उलटेल, एवढंच शांतपणे म्हणाले. रात्री अक्काने तांदळाची अक्की रोटी भाजली, मला दोन जास्त वाढल्या.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. आधी मजूर कुदळीने चाकापुरती अरुंद पायरी खोदायचे. मग ट्रॅक्टरमागे लावलेलं लोखंडी पातं खाली टेकवून अक्का ती रुंद करायची. डोंगराच्या बाजूची माती खरवडली जाऊन दरीच्या बाजूला पडायची. टाकलेल्या मातीवर भरवसा ठेवायचा नाही, चाक कापलेल्या घट्ट जमिनीवरच हवं, हे तिने मला पुन्हा पुन्हा बजावलं. पावसाळा नुकताच सरलेला, लाल माती ओलसर होती आणि छान कापली जात होती. मध्ये फणसाचं मोठं झाड आलं. ते तोडायचं तिच्या मनात नव्हतं, म्हणून आम्ही वाट वरून वळवली.

तिसऱ्या दिवशी त्या वळणाच्या पुढेच दरीकडचं मागचं चाक खचलं. टाकलेली माती सुटून झाडीत घरंगळत गेली आणि ट्रॅक्टर एका अंगावर कलला. मी झटकन हात वर केला. अक्काने तो पाहिला. तिने पातं पटकन खाली सोडलं, ते जमिनीत रुतलं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला.

मंजप्पांनी तिला डोंगराच्या बाजूने उतरून यायला सांगितलं. ती म्हणाली, "स्वल्प थांबा. आधी चाकाखाली दगड भरा."

सगळ्यांनी हातोहात दगड दिले, मीही. माझे डोळे त्या चाकावरून हलले नाहीत. दगड घट्ट बसल्यावर मी मान हलवली. अक्काने पातं उचललं, इंजिन गुरगुरलं आणि चाक हळूच घट्ट जमिनीवर चढलं. मग मात्र मी मातीतच बसले. ती वरून बघून हसली, तशी मीही हसायला लागले.

आणखी दोन दिवसांनी आम्ही पलीकडे पोचलो. समोर पिकत आलेल्या कॉफीची लालहिरवी रांग होती आणि खाली ढगांनी भरलेलं खोरं. मजुरांनी ट्रॅक्टरला रानफुलांची माळ घातली. अक्काने इंजिन बंद केलं, डोळ्यांवर हात धरून चौफेर बघितलं. किती वर्षांनी मी तिला अशी ताठ बसलेली पाहिली.

घरी परतले तेव्हा नखांत लाल माती होती आणि खांदे आठवडाभर दुखत राहिले. तुम्ही त्या बाजूला गेलात तर धबधबे बघालच. मला आठवतं ते आधार सापडलेल्या चाकाचं हळूच वर येणं. त्या जागी मी होते, याचा मला आजही अभिमान वाटतो.

हंगामात अक्काचा फोन आला. वरची सगळी कॉफी ट्रॉलीतून खाली उतरली होती. विश्वण्णा स्वतःची जीप घेऊन वाटेने वरपर्यंत जाऊन आले होते आणि त्यांच्या बाजूच्या उतारावरही अशी वाट काढून देशील का, असं त्यांनी तिला विचारलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"सरी म्हटलं, देते काढून. पण खालून बघत उभं राहायचं नाही, दोर धरायला यायचं."

विश्वण्णा आले. दोर त्यांनीच धरला.