कमळला पाहिजे असलेला सहा नंबर

वेसाव्याच्या कोळीवाड्यात कमळचं आणि तिच्या धाकट्या जावेचं, नमिताचं, दार समोरासमोर. दोघी मासळी विकतात, आता फोनवरसुद्धा. पवईच्या एका टॉवरचा ग्रुप आहे. तिथे सकाळी विचारणा येते, आज ताजं काय? जिचा फोटो आधी, तिची ऑर्डर. ही गिऱ्हाइकं कमळने डोक्यावर पाटी घेऊन, जिने चढून जोडलेली. गणपतीपासून ती नमिताकडे सरकायला लागली.

कारण कमळने शोधून ठेवलं होतं. नमिताकडे नवा राऊटर आला, त्यावर आयपीव्ही सिक्स. कमळकडे जुनं फोर. "तिला सहा, मला चार. मोठी सून मी का ती?" विचारत मला होती, ऐकवत समोरच्या दाराला होती.

नेटवाल्या कृणालने तिला हसून वाटेला लावलं, म्हणून ती माझ्याकडे, वाड्यातल्या कार्यकर्त्याकडे, आली. गरिबाला असं हसलेलं मला खपत नाही. नळ, मीटर, गटार, सगळ्यांसाठी भांडत भांडतच शिकलोय मी. कृणालला कॉलर न धरता आणला, एवढंच.

कमळला आधी समजावलं. नेटवर घराला असतो तसा पत्ता लागतो. फोरचे पत्ते कमी पडले, म्हणून एका पत्त्यामागे अख्खी गल्ली कोंबलीय. सिक्समध्ये ज्याला त्याला आपला पत्ता. पण पत्ता नवा म्हणून पोस्टमन काय धावत सुटत नाही. ती म्हणाली, मोजून दाखव.

मोजलं. नमिताच्याच ओट्यावर, तिच्याच राऊटरवर. कृणालने सिक्स एकदा बंद केलं, एकदा चालू. फोन कमळचा, फोटो तोच सरंग्याचा. फरक पापणी लवण्याइतका, आणि एका फेरीत तर म्हातारं फोरच पुढे. कमळचं तोंड उतरलं. नमिताने आणलेल्या चहाला तिने हात लावला नाही.

मग विचारलं, फोटो टाकतेस कधी? भवानी झाल्यावर, म्हणाली. बाजारात पहिलं गिऱ्हाईक रोख देणार, ते पैसे पाटीला आणि कपाळाला लागणार, मगच फोन हातात. कधी कधी त्यात ऊन वर येतं.

"आणि तू गं? भवानी करत नाहीस?" मी नमितावर घसरलो.

"करते ना. बंदरावरून आले की आई रोख देऊन घेतात दारातच, मूठभर बोंबील. मग लगेच फोटो."

आई म्हणजे द्रौपदीबाई, दोघींची सासू, नमिताकडेच राहणारी. कमळ सहा नंबर विसरलीच.

"आईंची भवानी हिला? माझ्याकडून एक बोंबील नाय घेतला कधी."

आतून म्हातारी म्हणाली, "तू कवा आनलीस पाटी माज्या दारान?"

दुसऱ्या दिवशी नमिता बंदरावरून परतली तेव्हा कमळ उंबऱ्यावर होती आणि सासूच्या हातात कमळचे बोंबील. टॉवरची ऑर्डर त्या दिवशी कमळची. आता रोज त्या उंबऱ्यापर्यंत दोघींची शर्यत लागते.

कृणालला मात्र कमळने सोडलेलं नाही. सिक्स पाहिजेच. कशाला, विचारलं तर म्हणते, तिच्याकडे आहे ना.